फराळाची मोठी ऑर्डर, 'आर्मी का पेमेंट' आणि एका संध्याकाळी गेलेले ३७ हजार

भाजणी_कोथरूड | मंगळवार, रात्री ११.५०

नमस्कार. गेली चार-पाच वर्षं मी इथे फक्त वाचते. लिहायची ही पहिलीच वेळ, आणि तीही अशा विषयावर.

मी कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहते. वय ५६. अकरा वर्षं दिवाळीचा फराळ करून देते. शेजारच्या दोन घरांपासून सुरुवात झाली, आता ऐंशीएक घरं आणि तीन ऑफिसं आहेत. भाजणीची चकली ही माझी ओळख. भाजणी मी स्वतः भाजते आणि गिरणीत समोर उभी राहून दळून घेते, आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्यात मिसळू नये म्हणून. दसरा झाला की चौघीजणी मदतीला येतात. मग पुढचे तीन आठवडे ओट्यावर, जमिनीवर, बाल्कनीत सगळीकडे परातीच पराती. हे सांगते, कारण जे झालं ते अशाच गडबडीत झालं.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला फोन आला. कढईत घाणा होता, फोन कान आणि खांदा यांच्यात धरला होता. माणूस हिंदीत बोलत होता, फार अदबीनं. म्हणाला, खडकीच्या युनिटमधून बोलतोय, जवानांना दिवाळीचा फराळ द्यायचाय, आपलं नाव कुणीतरी सुचवलं. दहा किलो चकली, दहा किलो बेसनाचे लाडू, दहा किलो चिवडा. मी हिशेब सांगितला: चकलीचे ६,४००, लाडवांचे ७,०००, चिवड्याचे ५,१००, एकूण १८,५००. घासाघीस केली नाही. "मॅडमजी, जवानों के लिए है, अच्छा बनाना," एवढंच म्हणाला. माझे सासरे सैन्यात होते. त्या वाक्यानं मी विरघळले, हे खरं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्राचा फोटो आला, गणवेशातला. शनिवारी सकाळी अकराला गाडी येईल, पैसे आत्ताच पूर्ण देतो, म्हणाला. मग दुसऱ्या एका माणसाला फोन दिला, ते म्हणे हिशेब विभागाचे साहेब. "मॅडमजी, आर्मी का पेमेंट उलटा होता है. पहले आप पाँच रुपया भेजिए, हमारे यहाँ से दुगना आएगा, तब अकाउंट चालू होगा." मी पाच रुपये पाठवले. मिनिटभरात दहा आले. खरंच आले.

मग १८,५०० चा क्यूआर कोड आला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. कोडवर कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं नाव होतं. विचारलं तर म्हणाला, "कँटीन का नाम है." मी पिन टाकला. पैसे गेले. मी म्हटलं, अहो, हे तर कापले गेले. तो जराही गडबडला नाही. सर्व्हर अटकलाय, पुन्हा एकदा करा, दोन्ही एकदम परत येतील, वरिष्ठ अधिकारी लाइनवर आहेत, लवकर करा. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही करणार होते, खात्यात तेवढे उरले नव्हते म्हणून झालं नाही. तेव्हा फोन तुटला.

पैसे घेताना पिन लागत नाही, हे मला माहीत होतं. सासूबाईंना मीच तसं लिहून दिलंय, त्यांच्या देवघराशेजारी तो कागद अजून चिकटवलेला आहे. तरी मी पिन टाकला. त्या परत आलेल्या दहा रुपयांनी माझं डोकं बंद केलं, असंच मला वाटतं.

त्या रात्री मी कुणालाच काही बोलले नाही. चौघी समोर होत्या, त्यांची त्या आठवड्याची मजुरी त्याच खात्यातून द्यायची होती. घाणे काढत राहिले. रात्री हे विचारत होते, गप्प का आहेस? म्हटलं, पाठ दुखतेय. सोमवारी दुपारी मुलगा घरी आला तेव्हा त्याला सांगितलं. त्यानं लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. म्हणजे एकोणीस तास उलटून गेल्यावर.

माझे प्रश्न असे:

बँकेत गेले तर समोरचे म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. हे खरं का? ते पैसे परत मिळण्याची काही शक्यता उरते का?

दुसरं, वसुबारसेला बारा दिवस राहिलेत. रोज अनोळखी नंबरांवरून ऑर्डरी येतात, त्यातल्या बहुतेक खऱ्याच असतात. फोन वाजला की आता पोटात गोळा येतो. धंदा बंद तर करता येणार नाही. तुम्ही मंडळी ऑर्डर कशी घेता, पैसे कसे घेता?

आणि हो, आजही एक फोन आला. "तुमचे गेलेले पैसे सोडवून देतो, फाइल चार्ज भरा" म्हणून. माझ्याकडचा प्रकार त्याला कसा कळला?

---

जुना_बँकवाला | बुधवार, सकाळी ६.२०

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात तातडीचा आहे. तो फोनसुद्धा त्याच टोळीचा किंवा तिच्या भाऊबंदांचा. फसलेल्या माणसाचा नंबर ही यांच्या दृष्टीनं विकण्याजोगी गोष्ट असते. पैसे सोडवून देण्यासाठी पोलिस, रिझर्व्ह बँक किंवा तुमची बँक, कुणीही फी मागत नाही. एक रुपयाही भरू नका. वकिलाचं नाव सांगितलं, सरकारी शिक्क्याचं पत्र पाठवलं, तरी नाही.

मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सात पुण्यातल्या दोन शाखांचा व्यवस्थापक म्हणून. तुमच्या बँकेनं जे सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे, ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आलेला. ग्राहकाची चूक नसताना, बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याच्यावर बोजा येत नाही. तुमच्या बाबतीत पिन तुमच्या हातून पडला, म्हणून त्या तरतुदीचा आधार घेणं अवघड आहे. एवढं खरं. पण "काही करू शकत नाही" हे खरं नाही.

१९३० ला तक्रार नोंदवली की तुमच्या व्यवहाराची माहिती एका यंत्रणेतून पैसे जिथे गेले त्या बँकेकडे जाते. तिथे रक्कम अजून पडून असेल तर ती बँक तेवढ्या रकमेवर थांबा लावते. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात गेली असेल तर तिथवर माग काढतात. ही खाती बहुधा भाड्याची असतात, कुणा गरजूनं चार पैशांसाठी आपलं खातं वापरायला दिलेलं असतं. एटीएममधून रोख निघाली की मात्र माग संपतो. म्हणून पहिला तास लाखमोलाचा. एकोणीस तास उशीर झाला हे खरं, पण रविवारची रात्र होती, आणि सगळीच रक्कम लगेच काढली गेली असेल असं नाही. आशा सोडू नका.

आता हे करा. दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक, अ‍ॅपमधल्या इतिहासातून काढून कागदावर उतरवा. १९३० च्या तक्रारीचा पावती क्रमांक मेसेजवर आला असेल, तो त्याच कागदावर. फोनवरची तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर पुरी भरली गेली आहे का, मुलाकडून तपासून घ्या, बरेच जण तिथे अर्धवट सोडतात. मग हे सगळं जोडून तुमच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. तोंडी बोलण्याला बँकेत किंमत नसते, हे मी आतून सांगतोय. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. चौकशीसाठी त्यांचा नंबर १४४४८.

पोलिसांकडे जरूर जा. तुमच्या जवळच्या ठाण्यात गेलात तरी चालेल. गुन्हा कुठल्या हद्दीतला हे न बघता नोंद घेण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे. पुढे काही रक्कम थांबवलेली निघाली तर ती तुमच्या खात्यात आणायला न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो, तेव्हा ही कागदपत्रंच उपयोगी पडतील.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण पुसू नका. रागाच्या भरात आधी नंबर ब्लॉक आणि मग सगळं डिलीट, असं शंभरातले नव्वद लोक करतात. तो ओळखपत्राचा फोटो, क्यूआर कोड, फोनच्या नोंदी, सगळ्यांचे स्क्रीनशॉट घेऊन मुलाच्या फोनवरही ठेवा.

---

भाजणी_कोथरूड | बुधवार, सकाळी ७.०५

काका, फार फार आभार. डिलीट केलेलं नाही, फक्त ब्लॉक केलंय. यूटीआर म्हणजे तो लांबलचक आकडाच ना? दोन दिसतायत. आज अकराला शाखेत जाते, मुलगा सोबत आहे.

---

सुभेदार_वानवडी | बुधवार, सकाळी ९.१०

ताई, मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तुमची पोस्ट वाचून मला जे वाटलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. हे लोक आमच्या गणवेशाचा वापर करतात, कारण मराठी घरात जवानाला कुणी नाही म्हणत नाही. तुम्ही ऐकलंत ते तुमच्या सासऱ्यांच्या आठवणीनं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इथे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी सांगतो. 'आर्मीचं पेमेंट उलटं असतं' अशी कुठलीही पद्धत नाही. आधी तुम्ही पाठवा, मग दुप्पट येईल, असा सैन्यात काय, कुठेच हिशेब नसतो. युनिटचा शिधा आर्मी सर्व्हिस कोअरकडून येतो. सणाला एखाद्या युनिटनं बाहेरून मिठाई घेतलीच, तर माणूस येऊन दुकान बघतो, चव बघतो, पैसे देतो, गाडीत माल घालतो. विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही.

दुसरं, आपलं ओळखपत्र असं अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारा जवान तुम्हाला भेटणार नाही. आम्हाला त्याची सक्त मनाई असते. कुणी न मागता ओळखपत्र पाठवलं की तिथेच समजायचं. ते कार्ड खोटं असतं, किंवा कुणा खऱ्या जवानाचं चोरलेलं असतं, आणि मग त्या बिचाऱ्यालाही निस्तरत बसावं लागतं.

घर भाड्यानं देणारे, जुनी गाडी विकणारे, फर्निचर विकणारे यांनाही हेच फोन येतात. 'बदली झालीय, पुण्यात पोस्टिंग आलंय, फ्लॅट न बघता घेतो.' माझ्या बहिणीच्या धानोरीच्या फ्लॅटसाठी असाच फोन आला होता. मी तिच्या शेजारी बसलो होतो. फोन घेतला आणि त्याला विचारलं, कुठली पलटण, सुभेदार मेजर कोण? फोन बंद.

मला दोन किलो चकली हवी आहे. पैसे रोख, घरी येऊन देतो. वेळ कळवा.

---

रांगोळी_आणि_पणत्या | बुधवार, दुपारी १.३५

काकू, मी सिंहगड रोडला राहते, पणत्या आणि आकाशकंदील करते, दिवाळीआधी प्रदर्शनांत स्टॉल लावते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे थोडंफार आहे, कारण तीन वर्षांपूर्वी मीही पोळून निघालेय. माझं प्रकरण वेगळं होतं. एक जोडपं आलं, २,८०० च्या वस्तू घेतल्या, फोनवर हिरवी टिकली दाखवली, गेले. रात्री हिशेब करताना पैसे आलेच नव्हते. तो स्क्रीन दाखवणारी खोटी अ‍ॅप असतात, अगदी नाव, वेळ, रक्कम सगळं बरोबर येतं. त्यामुळे आता समोरच्याच्या फोनकडे मी बघतच नाही. माझ्या साउंडबॉक्सनं रक्कम बोलली तर पैसे आले. गर्दीत ऐकू आलं नाही तर माझं अ‍ॅप उघडून बघते. 'बँकेचा' मेसेजही पुरावा धरत नाही, साध्या नंबरावरूनही तसा मेसेज पाठवता येतो.

स्टॉलवरच्या क्यूआर कोडवर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवलेलं सापडलं, असंही ओळखीच्या एकीच्या बाबतीत झालंय. रोज सकाळी मी स्वतःच माझा कोड स्कॅन करून नाव बघते. दहा सेकंदांचं काम.

ऑर्डरींसाठी मी खातंच वेगळं केलं. त्यात फक्त पैसे येतात. बँकेकडून धंद्याचा क्यूआर घेतला, त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवते. माझ्या फोनवरच्या यूपीआयला ते खातं जोडलेलंच नाही, त्यामुळे कुणी कितीही घाई केली तरी माझ्या हातून त्यातून काही जाऊच शकत नाही. भाजीपाला, रिक्षा, किराणा यांसाठी दुसरं खातं, त्यात दोन-तीन हजारांपेक्षा जास्त ठेवत नाही. बऱ्याच बँकांच्या अ‍ॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादाही कमी करता येते, ती पाच हजारांवर आणा. तुमच्यासारख्या मोठ्या उलाढालीत हे आधी अडचणीचं वाटेल. पण तेल-बेसन आणणारा दुकानदार ओळखीचा असेल तर त्याला धनादेश चालतोच की.

ऑर्डर घेताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी इसार, निम्मा, माझ्या क्यूआरवर. कोड मी पाठवणार, त्यांनी पाठवलेला कोड मी उघडणारही नाही. इसार आला की वहीत नाव. ज्याला खरंच फराळ हवाय तो यावर कधी कुरकुर करत नाही. आणि गॅसवर काही असताना पैशांचं बोलणं नाही. "मी तासाभरानं फोन करते" म्हणायचं. खरा माणूस तासभर थांबतो. हे मला तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त जाणवलं काकू, त्यानं वेळ अगदी बरोबर साधली होती.

एक चांगली गोष्ट म्हणजे १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला 'पैसे मागण्याची' विनंती पाठवायची सोय बंद झालीय. पूर्वी त्यातूनही खूप जण फसायचे, 'स्वीकारा' दाबलं की पैसे जायचे. पण क्यूआरवाला दरवाजा अजून उघडा आहे. कोड स्कॅन करणं म्हणजे देणं, एवढं जरी चौघींना सांगितलंत तरी पुरे.

---

धायरीकर_७८ | बुधवार, संध्याकाळी ५.५०

विषय फराळाचाच आहे म्हणून सांगतो. तुमची गिऱ्हाइकं परदेशी फराळ पाठवत असतील तर त्यांनाही सावध करा. माझे वडील ७९ वर्षांचे. बहीण डब्लिनला असते. गेल्या वर्षी पोस्टातून तिच्यासाठी खोका पाठवला. चार दिवसांनी वडिलांच्या फोनवर मेसेज: तुमचं पार्सल गोदामात पोचलं आहे, पत्ता अपूर्ण असल्यामुळे पोचवता येत नाही, ४८ तासांत पत्ता दुरुस्त करा, खाली दुवा. आता ज्याचा खोका खरंच वाटेत आहे त्याला हे खरं वाटणारच. त्यांनी दुवा उघडला. पोस्टाच्या बोधचिन्हासकट सगळं हुबेहूब. पत्ता भरला, मग २५ रुपये फी, त्यासाठी कार्डाचा नंबर.

वाचले ते एका सवयीमुळे. वडील ओटीपीचा मेसेज चष्मा लावून पूर्ण वाचतात. त्यात रक्कम २४,९९९ लिहिलेली होती. त्यांनी मला हाक मारली आणि मी तिथल्या तिथे कार्ड बंद केलं. आपण सगळे सहा आकडे टिपतो आणि बाकीचा मेसेज वाचतच नाही.

असा मेसेज पोस्ट खातं पाठवत नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या, तथ्यपडताळणी विभागानंही तो खोटा म्हणून जाहीर केलेला आहे. स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. तो स्वतः पोस्टाच्या साइटवर टाकून बघायचा. मेसेजमध्ये तुमचा हा क्रमांकच नसतो, हेही लक्षात घ्या. हजार लोकांना पाठवतात, त्यातल्या पाचांचा खोका वाटेत असतोच.

पैसे गेलेले नाहीत पण असा मेसेज किंवा फोन आलाय, त्यांनी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे तिथे कळवावं. पैसे गेले असतील तर तिथे वेळ घालवू नका, थेट १९३०.

---

विश्रांतवाडी_मानसी | बुधवार, रात्री ८.१५

नाताळच्या सुट्टीत आम्ही दहा जण कोकणात जाणार आहोत. गणपतीपुळ्याच्या एका रिसॉर्टचा नंबर नकाशावरून मिळाला, पूर्ण पैसे भरले तर चाळीस टक्के सूट म्हणतोय, आजच्या आज. हा धागा वाचून थांबले. काय करू?

---

जुना_बँकवाला | बुधवार, रात्री ८.४०

मानसीताई, भरू नका. नकाशावर दिसणारा नंबर कुणीही बदल सुचवून बदलू शकतो. त्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडून, किंवा शेजारच्या दुसऱ्या लॉजला फोन करून, त्या रिसॉर्टचा नंबर खात्रीचा करून घ्या. मग पैसे कुणाच्या नावावर जातायत ते बघा. रिसॉर्टचं नाव एक आणि खातं कुणा भलत्या व्यक्तीचं, तर तिथेच थांबा. सरकारी निवासात जायचं असेल तर एमटीडीसीच्या स्वतःच्या साइटवरूनच आरक्षण करा, पण जाहिरातीतल्या दुव्यावरून तिथे जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. शिर्डीच्या भक्तनिवासाच्या आणि केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांच्या नावानं हुबेहूब खोट्या साइट निघालेल्या आहेत. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

---

विश्रांतवाडी_मानसी | बुधवार, रात्री ९.३०

त्याला म्हटलं, उद्या देते. लगेच म्हणाला, मग खोली जाईल. जाऊ दे म्हटलं.

---

भाजणी_कोथरूड | रविवार, रात्री १०.२०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, आज हात मोकळे झाले.

बुधवारी शाखेत लेखी अर्ज दिला, शिक्का घेतला. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, कागद पुढे केल्यावर बोलण्याचा सूर बदलला. पोलिस ठाण्यातही जाऊन आले. तिथल्या मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं, क्यूआर कोडची छापील प्रत ठेवून घेतली. काल कळलं की दुसऱ्या व्यवहारातले ११,२०० रुपये एका खात्यात थांबवले गेलेत. माझ्या हातात अजून काही आलेलं नाही, पुढचं न्यायालयाचं काम मुलगा बघतोय. पहिले १८,५०० मात्र त्याच रात्री रोख काढून नेले. मी घाणे काढत होते तेव्हा. रविवारी साडेसातला ह्यांना सांगितलं असतं तर किती वाचले असते, हा विचार मनातून जात नाही.

सुभेदारसाहेब येऊन चकली घेऊन गेले. सासऱ्यांच्या फोटोपुढे उभं राहून सलाम केला. दोन किलोचे पैसे घेणार नव्हते, त्यांनी ओट्यावर ठेवले आणि निघाले.

वेगळं खातं उघडलंय, धंद्याचा क्यूआर आठवड्यात मिळेल. तोवर इसार रोख किंवा सुनेच्या कोडवर. चुलीशी असताना फोन आता धाकट्या सुनेकडे असतो, ती फक्त नाव आणि नंबर लिहून घेते. ऑर्डरी कमी झाल्या नाहीत. एका ऑफिसनं तर निम्मा इसार मागितल्यावर पूर्णच पाठवला.

आता जे लिहायला आले ते. गुरुवारी चौघींना समोर बसवून झालेलं सगळं सांगितलं. मजुरी दोन दिवस उशिरा का मिळाली तेही. मला वाटलं होतं, मालकीणबाई अशा फसल्या म्हणून मनातून काहीतरी म्हणतील. करंज्या भरणारी जी आहे, माझ्याकडे सात वर्षं येते, ती एकदम रडायला लागली. गौरी-गणपतीच्या आधी तिला फोन आला होता, गॅसची सबसिडी अडकलीय म्हणून. ४,२०० रुपये गेले. मुलीच्या क्लासचे होते. नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही, मला नाही. क्लासवाल्यांना सांगितलं की मुलीला आता यायचं नाही.

दोन महिने ती माझ्यासमोर बसून करंज्या भरत होती.

काका, तिच्यासाठी विचारते. दोन महिने झालेत, तरी तक्रार करता येते ना? मेसेज तिनं पुसलेत, पण बँकेच्या पासबुकात नोंद आहे. त्यावर यूटीआर मिळेल का? उद्या सकाळी आठला ती येते, तेव्हा आधी तेच काम करायचंय. मुलीच्या क्लासचं मी बघते, ते मनावर घेऊ नकोस म्हटलंय तिला.

---

जुना_बँकवाला | रविवार, रात्री १०.४५

करता येते. दोन महिन्यांनी पैसे मिळण्याची शक्यता फार थोडी, तिला खोटी आशा दाखवू नका. पण तिचा नंबर आणि तो खाते क्रमांक नोंदला जाऊ दे, त्याच खात्यावर आणखी कुणाच्या तक्रारी असतील तर जोडल्या जातात. पासबुकात व्यवहाराच्या ओळीतच तो बारा आकडी क्रमांक बहुधा छापलेला असतो. नीट दिसत नसेल तर शाखेतून त्या महिन्याचा खातेउतारा मागा. उद्या साडेदहाला मी कोथरूडमध्येच आहे, नातवाला शाळेत सोडून. कुठल्या शाखेत यायचं ते निरोपातून कळवा, मी तिच्याबरोबर आत येतो.

---

भाजणी_कोथरूड | रविवार, रात्री १०.५२

निरोप पाठवलाय. तिलाही आत्ताच फोन करून सांगितलं, पासबुक घेऊन ये म्हणून.